दस्तगीरचा राहिलेला दिवस

फोन आला तेव्हा मी बेगडेवाडी स्टेशनच्या बाकड्यावर बसलो होतो. लेकीकडून घरी निघालो होतो, सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मोबाइलवर इरफानचं नाव दिसलं. इरफान मला कधीच फोन करत नाही, करायचा तो त्याचा बाप, दस्तगीर. "नानाकाका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला पोरगा. असरच्या नमाजनंतर, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला माती होती. दुपारच्या वेळी आमच्याकडच्या लोकलचा काही भरवसा नसतो. दीड तास मी त्या बाकड्यावर घड्याळ बघत बसलो. गाडी चुकली तर, मातीला पोचलो नाही तर... आणि या सगळ्याच्या तळाशी एकच विचार वळवळत होता. दस्तगीर माझ्यावर रागावूनच गेला का?

मी काळजीखोर माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं पोस्टमन होतो. लोकांची पत्रं वाटता वाटता त्यांच्या काळज्याही उचलायची सवय लागली, असं मी म्हणतो. बायको म्हणते, काही नाही, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सगळ्यांची उठाठेव करता. दस्तगीर मुलाणी माझा शाळेपासूनचा सोबती. कार्ल्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आमचं गाव, त्यात मुसलमानांची अकरा घरं आणि पत्र्याच्या पडवीची एक लहानशी मशीद. दस्तगीर पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. विहिरीवरचे, बोअरचे, बंगलेवाल्यांच्या पोहायच्या तलावांचे. दिवसभर फटफटीवर, पाना दांडीला लटकवलेला, आणि खिशातला फोन सारखा वाजतोय. असा हा घडीभर एका जागी न बसणारा माणूस दर रमजानात दहा दिवस एका कोपऱ्यात बसायचा, फोन बंद करून. त्या दहा दिवसांत कुणाचा पंप बिघडला तर आम्ही म्हणायचो, आता ईदपर्यंत बादल्या ओढा.

त्या बसण्याला एतेकाफ म्हणतात. विसाव्या रोज्याला सूर्य बुडायच्या आत मशिदीत जायचं ते ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथंच राहायचं. नमाज, कुराण, जप. खाणं-झोपणंही तिथंच. संडास-न्हाणीपुरतं बाहेर, बाकी उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडला की एतेकाफ मोडला. कोपऱ्यात दोन खिळ्यांना दोरी बांधून दस्तगीर निळ्या फुलांची एक जुनी चादर लावायचा आणि तिच्याआड बसायचा. मी एकदा विचारलं होतं, एवढं अवघड असतं तर दरवर्षी तूच का? तर म्हणाला, "आरं, गावातनं एकानं बसलं तरी समद्यांचं हुतं. कुणीच न्हाई बसलं तर समद्यांच्या मानेवर." मी म्हटलं, म्हणजे त्या अकरा घरांचं. तो हसला. "अल्लाच्या घरी तुजं नाव गाळायला मी कुठला तलाठी लागून गेलोय? मी आपला गावाचं म्हणून बसतो."

उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे किती नाही, ते मला माझे आबा गेले तेव्हा कळलं. तेविसावा रोजा होता. सगळा गाव आला, पोस्टातले साहेबसुद्धा आले, आणि दस्तगीर मात्र दोनशे पावलांवर असून आला नाही. मयताला गेलं तरी एतेकाफ मोडतो, हे मला लोकांनी सांगितलं, पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. आबांनी त्याला स्वतःच्या पोरासारखं ताटात घेऊन जेवू घातलं होतं. लय लागलं मला ते. ईदचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी दाराशी कुणीतरी उभं राहिलं. दस्तगीर होता, बगलेत गुंडाळलेली तीच चादर. आधी स्वतःच्या घरी न जाता तो इकडे आला होता. आबांच्या रिकाम्या खाटेशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "रोज त्यांच्यासाठी दुवा मागितली रं, पर हाडं काय हालली न्हाईत." तेव्हापासून त्या चादरीची किंमत मला ठाऊक आहे. म्हणूनच यंदा जे केलं त्याचा घोर मला लागून राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत स्टेंट बसवली होती. यंदा सकिनावहिनी त्याला नको बसू म्हणून सांगून थकल्या. त्यानं ऐकलं नाही. दुसरा कुणी बसायला तयार नव्हता, पोरं सगळी कंपनीत, दहा दिवस कोण सुट्टी देतो? जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. "नाना, इरफानची दुसरी पाळी हाय. संध्याकाळचा डबा तेवढा तू आणत जा." मी हो म्हटलं. वहिनी डबा भरून द्यायच्या, मी अजानच्या जरा आधी पडवीतून आत जाऊन चादरीशी ठेवायचो. चादरीखालून हात यायचा, डबा आत जायचा, कालचा रिकामा बाहेर यायचा. दोन शब्द बोलणं, की मी निघालो.

चौथ्या दिवसापासून डबा जड परत यायला लागला. "पोट भरलं" म्हणायचा, पण बोलताना मध्येच दम खायचा. पाचव्या दिवशी डबा ठेवायला वाकलो तर चादरीखाली त्याचे पाय दिसले. घोट्याशी टम्म सुजलेले, बोटं कळेनात. "दस्तगीर, पाय बघितलेस का?" तर आतून हळूच आवाज आला, "बघितले. कुणाला सांगू नगंस. चार दिस ऱ्हायलेत." मी घरी गेलो आणि जेवलो नाही. सांगावं तर त्याचं बसणं मोडणार, गावाचं मोडणार, आणि सांगितलं नाही तर... आबांच्या वेळी जो उठला नाही, त्याला मी उठवायचं? दुसऱ्या दिवशी सकाळपासून मशिदीवरून चार फेऱ्या मारल्या, पाणी भरल्यासारखा. दुपारी राहवलं नाही. वहिनींच्या ओट्यावर जाऊन सगळं बोलून मोकळा झालो.

इरफान गाडी घेऊन आला. मौलाना चादरीशी बसून समजावत होते, जिवावर बेतलं असेल तर बाहेर पडण्यात गुनाह नाही, मोडल्याबद्दल पुढे रोजा धरून एक दिवस बसावं, भरपाई होते. मग त्यानं स्वतःच दोरी सोडली. चादरीची घडी घातली. इरफानच्या खांद्याला धरून उंबऱ्याशी आला, मी तिथंच उभा होतो. माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, गाव उघडं पाडलंस." आणि गाडीत बसला.

सोमाटण्याच्या दवाखान्यात त्याची ईद झाली. छातीत पाणी भरलं होतं, आणखी दोन दिवस थांबला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! पण घरी आल्यावर मी रोज जायचो तेव्हा तो पंपाबद्दल बोलायचा, उन्हाबद्दल बोलायचा, त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मधूनच भिंतीकडे बघत म्हणायचा, "माजा एक दिस ऱ्हायलाय." डॉक्टर रोजा धरू देत नव्हते. मी मान खाली घालून चहा प्यायचो. माफी मागायची म्हणून पाचसहा वेळा तोंड उघडलं, पण एरवी न थांबणारी माझी जीभ तिथंच नेमकी अडायची. असे पाच आठवडे गेले आणि मग बेगडेवाडीच्या बाकड्यावर तो फोन आला. मातीला पोचलो मी. तीन मुठी माती टाकली. पण आता कुणाला विचारणार?

मौलानांना मात्र विचारलं. त्या राहिलेल्या दिवसाचं काय? ते म्हणाले, आजारातून उठलाच नाही, तर त्याच्यावर काही राहिलं नाही. अल्ला नियत बघतो. मान हलवली मी, पण जीव थाऱ्यावर आला नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी पुढच्या खोलीत बसलो. आतल्या दाराला पडदा लावला होता आणि बघतो तर ती निळ्या फुलांची चादर. चादरीकडे तोंड करून मी एवढे दिवस साठलेलं सगळं बोललो. वहिनी, माझ्यामुळे त्याचा दिवस राहिला. मी गप बसायला हवं होतं. तो माझ्यावर रागावून गेला...

मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, इरफानची दुसरी पाळी नव्हती. डब्यासाठी म्हणून त्यानं पाळी बदलून घेतलेली. ह्यांनीच नगं म्हटलं."

"का?"

"मी बी हेच इचारलं. म्हणले, इरफानला मी गप बस म्हटलं तर त्यो गप बसंल. नानाला म्हणून डबा आणू दे. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दहा दिवसांसाठी तो आत बसणार होता, स्वतःहून उठणं त्याच्यानं होणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून उठवणारा माणूस त्यानं आधीच नेमून ठेवला होता. आणि ते मला सांगितलं नाही लेकानं.

"रागावले व्हते, ते खरं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यावर न्हाई पर. सोताच्या हाडांवर." मग म्हणाल्या, "गुरुवारी मी रोजा धरून बसणार हाय, हितंच, घरातल्या कोपऱ्यात. बायकांना घरात चालतं. त्याचं पुण्य त्यांना पोचू दे. संध्याकाळचा डबा तुमच्याकडनं यील का?"

मी हो म्हटलं. इंद्रायणीचा मऊ भात चालेल का, तिखट कमी घालू का, अजान नक्की किती वाजता, असं मी विचारत सुटलो. "चालंल, समदं चालंल," त्या म्हणाल्या. "आन् मला काय झाल्यावानी वाटलं, तर तुमी गप बसू नगा."

चादर जराशी हलली आणि तिच्याखालून तो रिकामा डबा माझ्याकडे सरकला.