भावोजींचा सुटणारा सूर

आमच्या भावोजींइतक्या वेळा 'नाही' म्हणणारा माणूस अख्ख्या झाशीत शोधून सापडायचा नाही. आणि मौज अशी, की त्यांनी जन्मात कुणाला तोंडाने 'नाही' म्हटलेलं नाही. सगळं काम मानेचं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, तेही अशा झपाट्याने की बघणाऱ्याला भोवळ यावी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात भावोजी, पण ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांचे जीजाजी. सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत जन्मभर कागद खरडून ते रिटायर झाले, हातात मोबाइल आला, आणि त्या मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांना माउथ ऑर्गनचे धडे देणारा एक टोपीवाला अमेरिकन म्हातारा भेटला. तोवर ते लग्नाकार्यात माउथ ऑर्गनवर सिनेमाची गाणी वाजवून वाहवा मिळवणारे निरुपद्रवी गृहस्थ होते. म्हाताऱ्याने त्यांना ब्लूज नावाच्या तिकडच्या संगीताचं दुखणं लावून दिलं.

आता हे ब्लूज म्हणजे काय ते मला विचारू नका. मी विचारलं तेव्हा भावोजी म्हणाले होते, "अरे, रडायचं, पण ताल सोडायचा नाही." त्यासाठी त्यांनी तळहातात मावेल एवढा, दहा भोकांचा खास माउथ ऑर्गन, त्यांच्या भाषेत 'बाजा', मागवला. त्यावरची एक करामत म्हणजे 'शेक': शेजारशेजारच्या दोन भोकांवरून तोंड इतकं भराभर फिरवायचं, की दोन सुरांची मिळून एक थरथर व्हावी. दुसरी करामत 'बेंड': श्वास आत ओढता ओढता जीभ मागे दाबायची, म्हणजे सूर खाली वाकतो. एकेकटी करामत जमते म्हणे माणसाला. भावोजींना दोन्ही एकदम हव्या होत्या. सूर थरथरत ठेवायचा आणि थरथरता थरथरताच वाकवून धरायचा. पण मान हलली की जीभ ढिली पडते, आणि जीभ ढिली पडली की सूर टुणकन आपल्या जागी परत. मान स्थिर ठेवून बाजाच हाताने हलवला तरी चालतं, असं तो म्हातारा स्वतः सांगत होता. पण ऐकतील तर ते भावोजी कसले! "ती पळवाट झाली," म्हणायचे.

मग सुरू झाला मानेचा उद्योग. भाजीवाली दारात येऊन भेंडी नको का म्हणून विचारायची, "काय भैया, भिंडी नईं चाने?" भावोजींच्या तोंडात बाजा, मान चालू. ती बिचारी टोपली उचलून पुढे जायची आणि ताई आतून धावत येईपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलेली असायची. त्या उन्हाळ्यात त्या घराने डाळभातावर दिवस काढले. पुढे पुढे तर बाजा खिशात असतानाही मान थांबेना. मानिक चौकात ते चादरी घ्यायला गेले. दुकानदाराने भाव सांगितला, यांच्या मनात म्हाताऱ्याचा धडा चाललेला, मान हलली. त्याने भाव उतरवला, मान हलतेच आहे. तिसऱ्या वेळी दुकानदाराने हात जोडले, "जीजाजी, अब इससे नीचे गया तो मुझे यही चादर ओढ़नी पड़ेगी." भावोजी दचकून म्हणाले, "मैंने कुछ कहा क्या?" ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे आणि शंभरदा लोक हसले आहेत. मीही हसतो. पण हसून झालं की तोंड कडू होतं, ते का तेही एकदा सांगून टाकतो.

त्या घरात गाणारा जीव होता तो माझ्या ताईचा. लग्नाआधी सहा वर्षं ती शिकली होती. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत तिने आरतीचा पहिला सूर लावला की बोलणारे गप्प व्हायचे. तिचा कान असा, की शेजारच्या घरातला कुकर कोणत्या सुरात शिट्टी देतो ते सांगायची. लग्नात ती आपला तंबोरा सासरी घेऊन गेली. भावोजींनी गाऊ नकोस म्हटलं नाही हो, देवाशपथ नाही म्हटलं. 'गातेस का?' असंही कधी म्हटलं नाही. एकदा ती चार दिवस माहेरी आली आणि परत गेली तर कोपरा रिकामा. तंबोरा भावोजींनी कचेरीतल्या कुणा साहेबाच्या मुलीला देऊन टाकला होता. "पडूनच होता ना? कोपरा अडला होता," एवढंच म्हणाले. ताईने त्या कोपऱ्यातली धूळ झाडून काढली. मी बोललो असतो, पण ताईने डोळ्यांनी दटावलं आणि मी शेपूट घातलं. पुढे भावोजी त्याच कोपऱ्यात स्टूल मांडून बाजा वाजवायला बसू लागले. हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

आणि नशिबाची थट्टा बघा. मान जोरात हलत असली की वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर नीट ऐकू येत नाही. वाकलेला सूर टिकला की निसटला, हे ऐकायला दुसरा कान लागतो. म्हणजे भावोजींना ताईची गरज पडली! रोज चारच्या चहानंतर ते कोपऱ्यात बसायचे, एक लांबलचक थरथर काढायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "सुटला का गं?" आतून ताईचा आवाज यायचा, "सुटला!" की पुन्हा सुरुवात. नऊ वर्षं हे चाललं. मी एकदा आत तिच्याजवळ बसलो होतो. कणकेत हात तसाच ठेवून, डोळे मिटून ती ऐकत होती. सूर थांबला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की मला वाटलं, जमलं बुवा एकदाचं. तिने डोळे उघडले आणि बाहेर ओरडून सांगितलं, "सुटला!" मी मनात म्हटलं, कमाल आहे हिच्या कानाची.

गेल्या वर्षी ताई आजारी पडली आणि दवाखान्यातून घरी परतायची नाही हे सगळ्यांना कळलं, तिलाही. एका दुपारी भावोजी औषधं आणायला खाली गेले होते. मी तिच्या उशाशी होतो. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होईना, नुसती घरघरत होती. ती ऐकत राहिली आणि हसली. म्हणाली, "त्यांचा नाही सुटत आता."

"काय?"

"सूर रे. चार वर्षं झाली. एकदम पक्का बसलाय. इतका सुंदर वाजवतात ना, काय सांगू तुला."

"अगं मग रोज सुटला, सुटला काय म्हणत होतीस?"

तिने आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "बसला म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी विचारलं असतं का त्यांनी? इतक्या वर्षांत मला एवढंच तर विचारलं त्यांनी. भाजी काय करू, हेसुद्धा मीच विचारते."

मी काही बोलणार तेवढ्यात तिने माझा हात दाबला. "तुला सांगायचं तर सांग त्यांना. पण घाई करू नकोस."

ताई गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता भावोजी माझ्या दारात उभे. चहा घेतला, खिशातून बाजा काढला आणि वाजवायला लागले. मान हलत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ताल सुटत नव्हता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ताईने सांगितलं होतं म्हणून मला ठाऊक होतं की सूर जागच्या जागी आहे. मी ठरवूनच बसलो होतो. आज सगळं ऐकवायचं. तंबोरा, कोपरा, कुकर, ती चार वर्षं, सगळं तोंडावर फेकायचं आणि घरी पाठवायचं.

भावोजींनी बाजा खाली घेतला. "सुटला का रे?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "सुटला."

"वाटलंच मला," म्हणाले, आणि पुन्हा बाजा तोंडाला लावला.

तेव्हापासून ते रोज येतात. रोज विचारतात आणि रोज मी तेच सांगतो. दया येते म्हणून सांगतो की ताईचा सूड उगवतो, ते माझं मलाच कळत नाही. काही दिवस हे, काही दिवस ते. पण विचारल्यावर उत्तर येईपर्यंत भावोजींची मान थांबलेली असते. तेवढा वेळ ते समोरच्याकडे असे बघतात, जणू जगात दुसरं कुणी नाही, आणि आपण काय म्हणू त्यावर त्यांचा सगळा दिवस अडलेला आहे. ताई बिचारी आत स्वयंपाकघरात असायची. हे बघणं तिला कधी दिसलंच नसणार.