मावशीच्या विहिरीतलं पेट्रोल

अगं ऐक ना, काल काय झालं ते ऐक. नको, थांब, एकदम कालचं सांगितलं तर तुला काही कळणार नाही. आमच्या ऑफिसात ना किस्से असेच साचतात. एकाच्या खाली दुसरा, बाहेर काढायला गेलं की सगळी रांग येते.

तुला माहितीये, काशीमीऱ्याला गॅरेजच्या वर आमचं ऑफिस. माती आणि पाणी तपासायचं. गेले कित्येक महिने आम्ही एकाच केसच्या मागे आहोत. हायवेवरच्या एका पंपाची जमिनीतली टाकी गळली, आणि पेट्रोल झिरपत झिरपत काशीगावातल्या वेणूमावशीच्या विहिरीत गेलं. मावशी त्या पाण्यावर मेथी-पालक लावायची नि विकायची. आता वाफे कोरडे पडलेत. असली जमीन साफ करायला सरकारी निधी असतो. आम्ही फक्त सिद्ध करायचं, की विहिरीत पेट्रोल आहे. इतकं सोपं काम.

* * *

सुरुवात पंपाच्या शेठपासून. त्यांच्या टाकीतलं पेट्रोल रोज थोडं कमी भरायचं. शेठला वाटलं, चोरी. मग कॅमेरे लावले, पोरं बदलली. तरी कमीच. शेवटी काउंटरवर बसणाऱ्या सख्ख्या मेव्हण्यावर संशय. घरात बोलचाल बंद, शेठाणी माहेरी.

आमच्या शिंदे सरांनी तपासून सांगितलं, "शेठ, टाकीला भोक आहे. सगळं जमिनीत गेलंय."

शेठनी चक्क हात जोडले. "म्हणजे मेव्हण्याने नाय खाल्लं ना? मग टाकीने खाल्लं तर चालेल. टाकीच्या घरी मला दिवाळीला जायचं नाय."

* * *

इकडे मावशीने तक्रार केली होती, पाण्याला वास येतो. पाणीवाले आले, वास घेतला, म्हणाले हा पेट्रोलचा वास आहे, आमच्याकडे येत नाही. मग दुसरे कोणीतरी आले. त्यांनी लगेच ॲक्शन घेतली. विहिरीवर बोर्ड लावला, "येथे धूम्रपान करू नये".

मावशी बोर्डाकडे बघत म्हणाली, "हितं बिडी वढायला कोन येतंय? मी पानी पिऊ का न्हाय, त्ये लिवा की."

* * *

मग निधीवाले साहेब आले. एकदम सज्जन माणूस, आवाजसुद्धा चढवत नाही. म्हणाले, "गळती दाखवा."

सर म्हणाले, "साहेब, शेठनी टाकी बदलली. गळती थांबली."

"अरे वा, अभिनंदन. मग आता निधी कशाला?"

"पण आधीचं पेट्रोल जमिनीतच आहे ना."

साहेब विचारात पडले. शेठ बाजूलाच उभे. त्यांना खरंच मदत करायची होती. म्हणाले, "साहेब, जुनी टाकी भंगारवाल्याकडे पडलीये. परत बसवू का?"

शेवटी असं ठरलं, की विहिरीच्या पाण्यात पेट्रोल सापडलं तर निधी मिळेल.

* * *

पैसे यायच्या आधी भूमिपूजन आलं. कोणीतरी पुढारी, मंडप, सफाई प्रकल्पाचा फ्लेक्स. विहिरीच्या काठावर पूजा मांडलेली. नारळ फुटला, हार झाले, आणि गुरुजींनी तबकात कापूर ठेवून काडेपेटी काढली. पेट्रोलच्या विहिरीवर, हां. त्या बोर्डाच्या बरोब्बर खाली.

आमचे सर एरवी जिना चढताना दोनदा थांबतात. ते असे झेपावले, की काडेपेटीसकट गुरुजी खाली.

गुरुजी धोतर झटकत उठले. म्हणाले, "ठीक आहे. पण कापराशिवाय पूजा अगदीच सरकारी वाटते."

* * *

मग तपासणीचा दिवस. साहेब स्वतः येणार, त्यांच्यासमोर सॅम्पल घ्यायचं. आम्ही पोचलो तर गेटपासून रांगोळी! विहिरीला ताजा चुना. मावशी इरकली नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा. मी विहिरीत वाकून बघते, तर तळ दिसतोय.

गाव आदल्या दिवशी कामाला लागलं होतं. मोटर लावून विहीर उपसली, आतून ब्रशने घासली, आणि वर टँकरचं गोडं पाणी ओतलं.

सर तिथेच बसले. "मावशी, अहो, हे काय केलंत?"

"मंग? साहेब पयल्यांदा घरी येनार. त्यांना काय घान दाखवायची?"

रिपोर्ट आला. आमच्या लॅबमध्ये इतकं स्वच्छ पाणी आजवर आलं नव्हतं. साहेबांनी मावशीचं कौतुकच केलं.

* * *

आता कालचं. दुसरं सॅम्पल, आणि शेवटचं. यात काही नाही सापडलं तर केस बंद, निधी परत. आम्हाला माहितीये, जमिनीत पेट्रोल भरलंय. पाऊस पडला, पाणी वर आलं, की ते विहिरीत उतरणार. पण तपासणी आत्ताच. पावसापर्यंत थांबायची सोय नियमात नाही.

साहेब आणि सर ओट्यावर शहाळं पीत बसलेले, पाठ माझ्याकडे. मी बाटली सोडली, भरली, वर ओढली, वास घेतला. काहीच नाही. साधं पाणी.

तेवढ्यात मावशी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. पदराखालून स्टीलची वाटी काढली. झाकण जरासं सरकवलं, आणि वास थेट डोक्यात गेला.

मी हळूच म्हटलं, "मावशी, हे कुठनं आणलंत?"

"शेठच्या पंपावरनं. इकत."

"अहो, असं नाही करता येत."

"का? पावसानंतर येनारच हाय ना त्ये? मंग जरा आधी आलं, तर कोनाचं काय बिघडलं?"

मी तिच्याकडे बघतेय, ती माझ्याकडे बघतेय. मागे तिचे कोरडे वाफे. माझ्या एका हातात उघडी बाटली, दुसऱ्या हातात बूच.

ओट्यावरून साहेबांनी विचारलं, "मॅडम, झालं का? सील करू या?"

आता तू सांग. तू काय केलं असतंस?