अण्णांच्या छत्रीतले पेढे

अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात पेढे आले. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. अण्णांना साखरेचा आजार, आणि दर शनिवारी त्यांना कुंथलगिरीचे पाव किलो पेढे चोरून पुरवणारा मी, त्यांच्याच शाळेतला धाकटा मास्तर. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... माझ्या पेढ्यांनीच तर घात केला नसेल?

अण्णांनी येरमाळ्यात जन्मभर मराठी शिकवलं. शब्दांची मुळं उकरायचा भारी नाद. स्टँडवरच्या हॉटेलात कुणी म्हणालं, ‘पोरगं लई निरागस हाय,’ की अण्णांनी कप खाली ठेवलाच. ‘आगस म्हंजे अपराध. संस्कृतातला जुना शब्द. ज्याच्या हातून अपराध घडला न्हाय, तो निरागस. थोबाड भोळं असून भागत न्हाय, हात बघावं लागतेत!’ हे सांगताना त्यांचे स्वतःचे हात टेबलाखाली पेढ्यांचा पुडा मिटलेल्या छत्रीत सरकवत असत.

अण्णांचं गोड बंद झालं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, गावच्या येडाई देवीसमोर स्वतःही गोड सोडलं. गल्लीत केवढा मान! घरात पेढ्याचा कागद सापडला की त्या गल्लीभर ऐकू जाईल असं विचारत, ‘ह्यो कागद कुणाचा?’ अण्णा मुकाट मान खाली घालत. मीही घालत असे.

तेराव्याला स्टँडवर फ्लेक्स लागला, ‘एक निरागस व्यक्तिमत्त्व हरपले.’ दुःखातही मला हसू फुटलं. पण मन खात होतं. शेवटी वहिनींपुढं सगळं कबूल केलं.

त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. ‘भावजी, त्यांनी एक बी पेढा खाल्ला न्हाय. समदे म्या खाल्ले. देवीम्होरं बोलून बसले, पन जीभ ऐकंना. ते म्हनले, तू खा, चोर मी ठरतो.’

‘आणि ते कागदावरून ओरडणं?’

‘मग वरडायला नको? लोकं काय म्हनली असती!’ म्हणाल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, तसा मीही रडलो. फ्लेक्सवाल्याची मनोमन माफी मागितली. आम्हा तिघांत निरागस होता तो एकटा आरोपीच.

परवा शनिवारी पुन्हा पेढे घेऊन गेलो. दाराआड खुंटीला छत्री तशीच लटकलेली, काडीवर मुंग्यांची रांग. मी पुडा पुढं केला. वहिनींनी हात मागं घेतला.

‘माझ्या हातात नगा देऊ... छत्रीत ठिवा. त्यांनीच आनल्यागत.’