न दुखणारी जागा

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली पोरगी निमोण्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आली, तेव्हा गावानं सरळ सांगून टाकलं, ही काय इथं टिकायची न्हाई. करुणा टिकली. निम्म्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. औषधात कुणी हयगय केली तर घरात शिरून झाडायची, सोडते कुणाला! गाव तिला वचकून असे, आणि जरा कुठं दुखलं की तिच्याच दारात येई.

सत्त्याण्णव साली गितामामीची साखर फार वाढली. शिरूरच्या डॉक्टरांनी इन्शुलिन चालू केलं आणि ते टोचायला करुणानं तिच्या नवऱ्याला, ज्योतिबामामांना, शिकवलं. मामांची हयात मेंढरांमागं गेलेली. कळपातल्या मेंढरांना स्वतः सुया मारणारा माणूस, त्याला शिकवायचं ते काय? हात असा हलका की करुणा बघतच राहिली. फक्त जागा रोज बदला, एवढं तिनं बजावलं. मामांनी मान डोलावली.

साखर मात्र हटायचं नाव घेईना. डॉक्टर डोस वाढवत गेले. शेवटी करुणानं मामीची मांडी उघडून पाहिली आणि तिला धक्काच बसला. लिंबाएवढी गाठ! मामा रोज तिथंच टोचत होते. ती जागा बधिर झालेली, मामीला सुई कळायचीसुद्धा नाही; मग बायकोला उगाच दुसरीकडं कशाला दुखवायचं? अहो, पण अशा गाठीतून औषध धड अंगात उतरत नाही. करुणाचं डोकं फिरलं. मामांना नाही नाही ते बोलली आणि उद्यापासून दुसऱ्या मांडीत टोचा, असं दरडावून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा धापा टाकत उपकेंद्रात आले. मामी घामानं थबथबली होती, हाकेला ओ देत नव्हती. करुणानं धावत जाऊन मामीला कुशीवर वळवलं, गालाच्या आतून साखर चोळली आणि मिळेल ती जीप धरली. शिरूरला शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा कुठं मामीनं डोळे उघडले.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. गाठीमुळं वाढवत नेलेला डोस ताज्या जागी जसाच्या तसा गेला होता आणि सगळाच्या सगळा लागू पडला होता. जागा बदलताना डोस कमी करायचा असतो. करुणा सुन्न झाली. हे तिला चांगलं ठाऊक होतं. रागाच्या भरात डॉक्टरांना विचारायचंच राहून गेलं होतं.

ती मामांपाशी गेली. "मामा, चूक माझी हाय. डोस कमी करायचं मी सांगायला पाहिजे होतं."

मामांची नजर मामीवरून हलली नाही.

"सकाळी सुई लागली तवा ही कळवळली," ते म्हणाले. "म्हनली, नगा, जुन्या जागी द्या. कवा न्हाई ते मी तिचं ऐकलं न्हाई, सिस्टर. तुम्ही सांगितलं व्हतं ना."