धोंडुबाईंच्या दारातला टेम्पो

श्रीमती धोंडुबाई कृष्णात चौगले. वय त्रेसष्ट. राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. शिक्षण चौथी. वैवाहिक स्थिती विधवा, अपत्य नाही. ओळखीची खूण: आवाज. भांडणाचा अनुभव एकतीस वर्षे, पराभव निरंक. ताब्यातील मिळकत दोन खोल्या व दारापुढील नऊ फूट मोकळी जागा, जीवर सदर कालावधीत कोणत्याही इसमाने वाहन उभे केल्याचे आढळून आलेले नाही.

यातलं शेवटचं कलम त्याआधीच्या कलमावर उभं होतं. एकट्या बाईच्या दारात गाडी लागत नाही ती काही महानगरपालिकेच्या धाकानं नव्हे.

धोंडुबाईंच्या तोडीची बाई गल्लीत एकच होती: भिंतीपलीकडची धाकटी जाऊ, शालूबाई. दोघींच्या तऱ्हा वेगळ्या. शालूबाईंचा दमसास मोठा. एकदा सुटल्या की लग्नापासूनचा इतिहास श्वास न घेता सांगत, आणि तोही ‘आक्का, तुम्ही’ असा मान राखून. धोंडुबाईंचं काम दोन शब्दांचं. समोरचीचं वाक्य जमिनीला टेकायच्या आत त्या ते उलटं फेकायच्या. निवाडा समोरच्या पायरीवर सुपारी कातरणाऱ्या तानूबाईंचा. एक सुपारी कातरून होईपर्यंत जिचं उत्तर आलं नाही, ती हरली. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत.

गेल्या वर्षी शालूबाई मुलाकडे, अमेरिकेत डॅलसला गेल्या. जाताना दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. महिन्याभरात व्हिडिओ कॉल सुरू झाले. निमित्त शालूबाईंच्या बंद खोल्यांचं कुलूप बघण्याचं. दर गुरुवारी इथं संध्याकाळचे सहा, तिथं सकाळचे साडेसात. धोंडुबाई पायरीवर कळशीला मोबाइल टेकवून बसत आणि गल्ली हातातलं काम टाकून गोळा होई.

आणि धोंडुबाई हरायला लागल्या.

शब्द इथून सुटायचा वेळेवर, पोचायचा उशिरा. तोवर शालूबाई पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असत.

“आक्का, तुमच्या हातची आमटी खायला घरात तयार तरी कोण असायचं?”

“तूच की!” धोंडुबाईंनी जागच्या जागी मारलं. पण ते डॅलसला उतरलं तेव्हा शालूबाई विचारत होत्या, “आणि म्हातारीला शेवटचं पाणी कुणी पाजलं?”

सासूच्या शेवटच्या पाण्याचा एकतीस वर्षांचा वाद धोंडुबाईंनी असा स्वतःच्या तोंडानं निकालात काढला. तानूबाईंची सुपारी कातरून झाली.

असे तीन गुरुवार गेले. तिसऱ्यानंतर चौथ्या दिवशी शेजारच्या उदयसिंहनं आपला टेम्पो धोंडुबाईंच्या दारात लावला.

“उचल,” धोंडुबाई म्हणाल्या.

“उचलतो की,” तो म्हणाला आणि आंघोळीला गेला. महिन्यापूर्वी हाच माणूस त्यांच्या दारावरून सायकल हातात धरून चालत जायचा.

कोपऱ्यावरची वर्षाराणी घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. धोंडुबाई मोबाइल घेऊन तिच्याकडे गेल्या. “माझं तोंड ठीक हाय. ह्याचं काय बिघडलंय बघ.”

वर्षाराणीनं काहीतरी मोजलं. “काकी, तुमचा शब्द जाऊन यायला सहाशे चाळीस मिलिसेकंद लागत्यात. वडगावला जायाला कोण आजऱ्यावरनं जातंय का?”

“येडं हाय काय कोण?”

“तुमची नेटवाली कंपनी जाते. थांबा, मी व्हीपीएन घालून बघतो. म्हंजे आपण दुसऱ्याच्या रस्त्यानं न्यायचं. बहुतेक वेळा त्यानं उशीर वाढतोच, आधीच सांगतो. पण ह्यांचा रस्ताच वाकडा हाय, तर जमंल.”

व्हीपीएनच्या यादीतल्या पहिल्या गावाच्या नावावर नऊशे झाले. दुसऱ्यावर सातशे. तिसऱ्यावर दोनशे साठ.

“आता मार म्हटलं की लागंल,” वर्षाराणी म्हणाली.

गुरुवारी सहाला उदयसिंह टेम्पोच्या फाळक्यावर पाय सोडून बसला होता. शालूबाई पडद्यावर आल्या त्या बोलतच.

“आक्का, तुमच्या मागं ते काय? टेम्पो? दारात? अगं बाई! एके काळी तुमच्या दारात कुत्रं बसत न्हवतं.”

“तू बसायचीस की.”

उत्तर जाऊन आदळलं, तेही बोलण्याच्या फटीत. गल्ली हसली. शालूबाईंनी दचकून फोन डोळ्यांजवळ नेला.

“मला काय कमी हाय हितं? सून एका शब्दानं उलट बोलत न्हाई मला!”

“तिला मराठी येत न्हाई, शाले. भांडायला माणूस मिळंना म्हणून हितं फोन लावतीस. भीक मागतीस तू, दर गुरुवारी.”

शालूबाईंचं तोंड अर्धं उघडलं आणि तसंच राहिलं. डोळे उघडे, पापणी हलेना. तानूबाईंची सुपारी कातरून झाली. त्यांनी दुसरी घेतली.

“नेट गेलं,” उदयसिंह फाळक्यावरून म्हणाला. “अडकलंय चित्र.”

धोंडुबाई मोबाइलवर वाकल्या. शालूबाईंच्या डोक्यामागं भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा बारका लाल काटा टुकूटुकू फिरत होता.

“ढोंग करतीया! काटा बघा, फिरतोय! तानूबाई, बघा की!”

तानूबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला, मग नाकाला लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. “मला घड्याळच दिसत न्हाई, काटा कुठला?”

“मला बी न्हाई दिसत,” उदयसिंह जागचा न हलता म्हणाला.

“आज्जी, नेट चालू हाय,” वर्षाराणी म्हणाली. “दोनशे साठ दावतंय.”

“आकडा मला सांगू नगंस. तुझ्याच हातचा हाय त्यो. चांगलं चाललेलं नेट तूच आडवाटंला घातलंस.” तानूबाईंनी अडकित्ता मांडीवर ठेवला. “चित्र थांबलं. हे धरायचं न्हाई.”

निकाल ऐकला आणि शालूबाईंची पापणी हलली. “हॅलो? हॅलो? आक्का, मधीच अडकलं बघा. काय म्हणत होता?”

सगळी गल्ली धोंडुबाईंकडे बघत होती. तेच वाक्य पुन्हा म्हणता आलं असतं. पण आपलं उत्तर दुसऱ्यांदा वाढलेलं धोंडुबाईंनी आयुष्यात कधी चालवून घेतलं नव्हतं. शिळं ते शिळं. नवं त्या शोधू लागल्या.

तानूबाईंनी अडकित्ता उचलला. सुपारी कातरून झाली.

वर्षाराणीनं त्याच संध्याकाळी विचारलं, की व्हीपीएन ठेवायचं का काढायचं? धोंडुबाई म्हणाल्या, “ठेव. रस्ता चांगला हाय.”

घरात शिरताना त्या आता अंग तिरकं करतात. दारापुढची जागा नऊ फूट आहे. टेम्पो साडेबारा फूट आहे.