गाबोळी कोण?

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. लिंगायताचं घर आमचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. नवरा काजूचा व्यापारी. चंदगडच्या एका शेतकऱ्याकडून माल आणायचे. मे संपला की काजू संपला, मग तिकडे जायचं कारण उरत नसे.

जूनमध्ये एकदा फोनवर यांचा दबका आवाज ऐकला. "गाबोळी हाय न्हवं? मग रविवारी येतोच. आमच्या घरात कुणाला बोलू नगासा."

माझ्या हातातली परात खाली ठेवली गेली. कोण ही गाबोळी? नाव म्हणावं तर असलं नाव कधी ऐकलं नव्हतं. तोंडात घोळवता घोळवता त्यातला गाभ ऐकू आला. म्हैस गाभण राहते, तसं तिकडे कुणी बाई तर नाही?

शेजारच्या वहिनींकडे मासे शिजायचे. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अगं, माशाच्या पोटातली अंडी. पावसाच्या तोंडावर मासा भरतो बघ. गाभ म्हंजे गर्भच की. त्याचीच गाबोळी. पण तुला कशाला गं ह्या चौकश्या?"

मला पटलं नाही. आमच्यातला माणूस मासा खाईल? त्यापेक्षा बाई ठेवेल हे मला खरं वाटत होतं. वहिनीही सामील असतील, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

रविवारी मी साडी नेसून तयार राहिले. "मीबी येणार."

"एवढ्या पावसात? काय हाय तिथं?"

"तेच बघायचं हाय."

एसटीत हे खिडकीबाहेर बघत राहिले, मी यांच्याकडे. चंदगडला त्या शेतकऱ्याच्या घरी पोचलो. "या वैनी," म्हणत त्याची बायको पुढे आली. केस पिकलेली, प्रेमळ बाई. मी पाणीही न घेता तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. सून, लेक, कोणीतरी दिसेल म्हणून कोपरे बघितले. चुलीवर तवा होता. ताटलीत चिरलेला मासा आणि शेजारी पिवळट, दाणेदार, लांबट पिशवी.

"हे काय?"

"गाबोळी. तुमच्या मालकांस्नी लई आवडती."

मागे वळले तर हे दारात उभे, चेहरा पांढरा. हसावं की रडावं कळेना. बाई नव्हती म्हणून जीव भांड्यात पडला, आणि ज्या माणसाच्या ताटाशेजारी रोज ताट मांडते तो परका वाटायला लागला.

"आईला सांगू नगंस," एवढंच बोलले.

"कधीपासनं?"

"लग्नाआधीपासनं."

त्या बाईनं माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात पिठलं-भात केला. मी सोप्यात बसून जेवले, तेही पळी कुठली वापरली ते दोनदा विचारून. आत हे खात होते. सासूला मी काही सांगितलं नाही. पण पुढे कितीतरी वर्षं, चंदगडहून आले की आधी यांचे हात साबणानं धुवायला लावायची, मगच पाण्याचा तांब्या द्यायची.