न वाजलेला पटाखा

ती घटना आजही आठवते, पण हल्ली ती सुरुवातीपासून आठवत नाही. मधूनच, दुपारच्या जेवणापासून आठवते. ताटात भाकरी होती, समोर बायको बसली होती आणि तिनं मला एक सवाल केला. तो सवाल पुढं सांगतो. ती या उन्हाळ्यात गेली. घरात आता सवाल करणारं कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून घरी बसलो. लिहायची सवय जबाब आणि पंचनाम्याची, तेव्हा तसंच लिहितो. नाव कोणाचंही लिहिणार नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, काहींची लेकरं आहेत.

तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, परभणीतच होता. आमच्याकडची रेल्वे लहान रुळाची. तिच्यावर कोळशाची, वाफेची इंजिनं चालत. लाईन एकच, जाणारी गाडी तिच्यावरूनच आणि येणारी पण तिच्यावरूनच. मी हिंगोलीच्या ठाण्यात जमादार होतो.

हिवाळ्यात एका सकाळी, बाजाराच्या दिवशी, धुकं असं होतं की ठाण्याच्या पायरीवरून समोरचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं. शहराबाहेर रेल्वेचा चावीवाला लाईन बघत चालला होता. चावीवाला म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन रोज रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी, म्हणजे चाव्या, ठोकत जाणारा माणूस. त्याला एका जागी रूळ तडकलेला दिसला. थंडीत लोखंड आकसतं आणि तडकतं. गाडीची वेळ होत आलेली.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. त्याच्या झोळीत पटाखे असतात. पटाखा म्हणजे दिवाळीचा फटाका नाही. पत्र्याची चपटी गोल डबी, आत दारू भरून बंद केलेली, आणि तिला दोन्ही बाजूंनी शिशाच्या मऊ पट्ट्या. पट्ट्या रुळाच्या डोक्याला हातानंच गुंडाळायच्या. इंजिनाचं चाक वर आलं की मोठा बार होतो. ड्रायव्हरला समजतं की पुढं धोका आहे. तिथं माणूस उभा पाहिजे असं नाही, दिवा पाहिजे असं नाही. चाकच आपला आवाज करतं. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या पुढं एवढा लांब बॉयलर, त्यातून धूर, वाफ, आणि कान फाटतील असा खडखडाट. धुक्यात त्याला झेंडी दिसत नाही आणि हाक तर ऐकूच येत नाही. म्हणून हा इशारा.

चावीवाल्यानं एका बाजूला पळत जाऊन पटाखे लावले. पण लाईन एकच, गाडी कुठूनही येईल, म्हणून तो तडकलेल्या रुळाजवळ लाल झेंडी काठीला बांधून रोवून दुसऱ्या बाजूला पळाला. आणि गाडी आली ती पहिल्या बाजूनं. बार झालाच नाही. ड्रायव्हरला झेंडी दिसली तेव्हा ती इंजिनाच्या नाकाशी होती. ब्रेक लागता लागता इंजिनाची पुढची चाकं त्या तड्यावरून गेली. देवाची दया, गाडी रुळावरच राहिली. डब्यातल्या बायकांच्या मांडीवरच्या टोपल्या पडल्या, एवढंच नुकसान.

रेल्वेच्या माणसांनी जाऊन बघितलं. रुळावर पटाख्याचा पत्राही नाही आणि पट्टीही नाही. म्हणजे चावीवाल्यानं लावलेच नाहीत, असं सगळ्यांचं मत झालं. प्रवाशांचा जीव धोक्यात घातला म्हणून त्याच्यावर गुन्हा लागला. रेल्वे पोलिसांकडं माणसं कमी होती, म्हणून आमच्या ठाण्याला मदतीला घेतलं. साहेबानं तपास माझ्याकडं दिला.

खबर पण लगेच आली. रेल्वे गेटापाशी चहाची टपरी होती. टपरीवाला स्वतःहून ठाण्यात आला.

"जमादार साहेब, म्या माझ्या डोळ्यानं पाहिलं. त्यो माझ्या भट्टीपाशी शेकत बसला होता. पेलेला होता."

"किती वेळ बसला?"

"लई वेळ."

"चहा पेला का?"

"न्हाई. माझ्याकडं कशाला पितो त्यो."

"काहून?"

तो उठून टपरीकडं चालू लागला. पुढं कळलं की टपरी रुळाच्या फार जवळ आली म्हणून याच चावीवाल्यानं ती मागं सरकवायला लावली होती. माझा अनुभव असा की न बोलावता आलेली खबर अर्धी तरी आपल्या भांडणाची असते. खबर फेकून द्यायची नाही, पण आणणाऱ्याचं घर आधी बघायचं.

चावीवाल्याला बसवलं. मध्यम वयाचा, काळासावळा, हातावर हातोड्याचे घट्टे. आत येताना त्यानं जयभीम केला आणि पहिला सवाल त्यानंच मला केला.

"साहेब, गाडीत कोणाला लागलं तर न्हाई ना?"

मी सांगितलं, न्हाई. मग तो बसला. मी त्याला तीच गोष्ट परत परत सांगायला लावली. कधी शेवटून विचारलं, कधी मधून विचारलं. खोट्या माणसाची गोष्ट दर वेळी थोडी फुगते. त्यात एखादा साक्षीदार येतो, एखादी शपथ येते. याची गोष्ट जेवढी होती तेवढीच राहिली.

"पटाखे लावले. पट्ट्या रुळाला गुंडाळल्या. अंगठ्यानं दाबल्या. मंग दुसरीकडं पळालो."

"मंग गेले कुठं? रुळानं गिळले?"

"ते तुमी शोधा. म्या लावले."

साहेब आत आले. म्हणाले, "जमादार, याला थोडं प्रेमानं विचारा." ठाण्यात प्रेमाचा अर्थ वेगळा असतो, वाचणाऱ्याला समजेल. मी म्हणालो, "साहेब, याला मारून एकच गोष्ट निघंल, ती म्हणजे खोटी." साहेब माझ्यावर नाराज झाले, पण त्यांनी दुपारपर्यंतची मुदत दिली. दुपारनंतर त्याला कोर्टापुढं उभं करायचं होतं. त्याच्या घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरी. रेल्वेची नोकरी गेली तर ती परत येत नाही. बाहेर त्याची आई पायरीवर बसून होती. रडत नव्हती. जाणाऱ्या येणाऱ्या शिपायाला एकच सांगत होती, "माझं लेकरू दारू पीत न्हाई, तोंड हुंगून बघा."

मी विचार करत होतो तो असा: लावले हे खरं मानलं तर काढले कोणी? गाडी पाडायची कोणाला होती? लुटायची होती का? कोणाचं वैर होतं का? टपरीवाल्यावर पण माझा संशय गेला. पण तो त्या वेळी भट्टीवर होता, दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं.

असा डोकं धरून मी जेवायला घरी आलो. पोलीस लाईनीतली आमची खोली ठाण्याच्या मागंच. बायकोनं ताट वाढलं आणि माझं तोंड बघून म्हणाली, "आज भाकरीसोबत कोणावर चिडून राहिले?"

मी सगळं सांगितलं. तिला ठाण्यातलं सांगायची माझी सवय होती. बाकीचे हवालदार हसत. मी हसू देत असे.

तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती डबी रुळाला बांधतात कशानं?"

"शिशाच्या पट्टीनं."

"मंग तुमी गाडी कोणाला पाडायची होती ते काहून हुडकून राहिले? शिसं कोणाला पाहिजे ते बघा."

"शिसं कोणाला लागतं?" मी विचारलं.

तिचं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाखालचं. भाऊ मासेमारी करत. ती म्हणाली, "आमच्याकडं जाळ्याला शिशाच्या गोळ्या लागतात. शिसं भेटत न्हाई. जुन्या बॅटऱ्या फोडतात, काय काय करतात. पळीत घालून चुलीवर वितळवतात आन् गोळ्या पाडतात."

चुलीवर, हे ऐकलं आणि मी ताटावरून उठलो. नुसती पट्टी चुलीवर गेली तर गोळी होते. डबीसकट गेली तर चूल राहत नाही आणि चुलीपुढची बाई पण राहत नाही.

"हात तरी धुवा," ती म्हणाली. धुतले की नाही ते आठवत नाही.

गेटवाल्याला जाऊन विचारलं, सकाळी रुळानं पायी कोण गेलं? तो म्हणाला, "आज बाजार ना. धरणाचा एक मासेवाला जीपमधून इथं उतरतो आन् रुळानंच बाजारात जातो, जवळ पडतं. सकाळी खोकलत गेला बघा धुक्यातून." मासे विकून तो परतीच्या जीपनं केव्हाच गेला होता. साहेबाला सांगून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली, ठाण्याची गाडी घेतली, दोन शिपाई घेतले आणि धरणाकडं निघालो. वाटेत ड्रायव्हरला मी एकदाही हळू म्हणालो नाही.

मासेवाल्याचं घर पाण्यापासून थोडं वर होतं. अंगणात जाळं वाळत घातलेलं. जाळ्याच्या कडेला काही गोळ्या काळ्या आणि काही नव्या, चकचकीत. आणि दारात त्याची बायको बसलेली. एका हातात विळा, एका हातात ती गोल डबी. विळ्याचं टोक डबीच्या कडेत घालून ती जोर करत होती. शेजारी एक दगड ठेवलेला.

मी शिपायांना हातानंच मागं थांबवलं. अशा वेळी पोलिसानं ओरडायचं नसतं. माणूस दचकतं आणि हातातलं पडतं.

"बाई, काय करून राहिली?"

"डबी हाय, उघडतच न्हाई मेली. लई घट्ट हाय."

"काय ठेवायचंय तिच्यात?"

"कुंकू," ती म्हणाली आणि थोडी लाजली. "मालकानं बाजारातून आणली. आता दगडानंच बघते."

"दगड राहू दे. माझ्याकडं दे, मी उघडून देतो."

तिनं खाकी कपड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. डबी माझ्या हातात दिली. मी ती अलगद अंगणाच्या कडेला, सावलीत ठेवली.

"अजून हायत का?"

"दोन हायत की. कोनाड्यात."

कोनाडा चुलीच्या बरोबर वर होता. चुलीत जाळ होता.

तिन्ही डब्या ओल्या वाळूच्या बादलीत ठेवल्या आणि रेल्वेच्या माणसाला बोलावणं पाठवलं. तेवढ्यात मासेवाला पाण्यावरून आला. गाडी बघून त्याचा चेहरा उतरला, पण पळाला नाही. मी त्याला जाळ्याच्या नव्या गोळ्या दाखवल्या.

"हे शिसं कुठलं?"

"रुळावरचं साहेब. पोरं न्हाई का रुळावर पैसे ठेवतात, चपटे करायला? तसंच कोणा पोरानं डबडं बांधलं आसंल म्हणलं. गाडीखाली शिसं फुकट गेलं आसतं, म्हणून काढून घेतलं. डब्या घरी आणल्या, हिला व्हतील म्हणून."

"ते डबडं नव्हतं रे. ते ड्रायव्हरला सांगायला ठेवलं होतं, पुढं येऊ नको म्हणून."

तो खाली बसला. म्हणाला, "गाडी पडली का?"

सगळं दोन पंचांसमोर लिहून घेतलं. रेल्वेच्या माणसानं डब्यांवरचा ठसा बघून सांगितलं, आमच्याच. त्या संध्याकाळी चावीवाला ठाण्याच्या पायऱ्या उतरला. त्याच्या आईनं माझ्या पाया पडायला वाकू नये म्हणून मीच आधी वाकलो. म्हणालो, "माय, माझ्या पाया नको, माझ्या बायकोच्या गळ्यात पड. खोली मागंच हाय." आणि ती खरंच गेली. दोघी किती तरी वेळ दारात बोलत बसल्या.

साहेबांना मी जसं घडलं तसं सांगितलं. साहेब हसले, म्हणाले, "बक्षीस तुमच्या बायकोला द्यायला पाहिजे, जमादार." घरी सांगितलं तर ती म्हणाली, "बक्षीस नको. दुपारची भाकर तशीच राहिली तुमची, ती खा."

मासेवाल्यावर गुन्हा लागला, तो लागायलाच हवा होता. पण चावीवाल्यानं जबाबात स्वतःहून सांगितलं की याच्या मनात वाईट नव्हतं, याला माहीत नव्हतं. कोर्टानं पण तसंच मानलं आणि समज देऊन सोडलं. चावीवाला पुढं रिटायर होईपर्यंत त्याच लाईनीवर चालला. रुळानं कोणी जाताना दिसलं की झोळीतला पटाखा काढून दाखवायचा आणि सांगायचा, हे काय आहे, ह्याला हात लावू नका. कोणी त्याला सांगितलं नव्हतं तसं करायला.

आता या केसनं मला काय शिकवलं ते लिहितो. इंजिनाच्या ड्रायव्हरनं जबाबात एक वाक्य सांगितलं होतं: "आवाज आला न्हाई, म्हणून वाट मोकळी हाय असं समजलो." त्यात त्याची चूक नव्हती. पण नोकरीभर मी ते वाक्य ध्यानात ठेवलं. एखाद्या घरातून, एखाद्या गावातून तक्रार येत नाही म्हणजे तिथं सगळं ठीक आहे असं नसतं. आवाज करणारी वस्तू कोणी तरी काढून नेलेली असू शकते, आणि नेणारा वाईट असेलच असंही नाही. इशारा ज्याच्यासाठी असतो त्याला कळून भागत नाही. वाटेनं जाणाऱ्यालाही तो कळायला पाहिजे.

दुसरं जे मिळालं ते शिकण्यासारखं नाही, उपकाराचं आहे. मला घरात असं माणूस मिळालं होतं की जे मी चुकीच्या बाजूनं बघत असलो की टोकायचं. ठाण्यात माझं नाव झालं त्यातलं निम्मं तिचं होतं. हे मी तिला ती असताना सांगितलं होतं, तेवढं माझं नशीब. ती म्हणायची, "निम्मं काहून, जास्तच की."

तिच्या चौदाव्याला पाहुणे बसले होते. चावीवाला आला होता, आता काठी टेकत चालतो. त्याच्या मागून धरणावरची एक म्हातारी आली. मी ओळखलं नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून एक पितळेची लहान डबी काढली आणि माझ्यापुढं धरली. डबी मात्र मी लगेच ओळखली. माझ्या बायकोच्या लग्नातल्या दोन डब्यांतली एक. त्या पंचनाम्यानंतर तिनं ती माझ्याच हातानं धरणावर, मासेवाल्याच्या बायकोला पाठवली होती. म्हणाली होती, "तिची डबी तुमी उचलून आणली, तिच्या हातात काय ऱ्हायलं?"

"ताईची हाय," म्हातारी म्हणाली. "मालक गेल्यापासून कुंकू न्हाई ठेवत. मिशरी ठेवते. पण डबी हालवली न्हाई कुठं."

मी हातात घेतली. बोटानं झाकण लोटलं. लगेच उघडलं.

मी ती तिला परत दिली.